हवेचा ताळेबंद

आमच्या वाड्याच्या चौकात दिवाळीच्या तोंडावर कल्हईवाला यायचा. जमिनीत हातभर खड्डा, त्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता. पितळेचं पातेलं चांगलं तापलं की तो चिमूटभर नवसागर टाकायचा. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि त्या धुरातच कथलाची कांडी भांड्याला टेकवून तो कापसाचा बोळा गरागरा फिरवायचा. काळंठिक्कर पातेलं आतून चांदीसारखं उजळून निघायचं. ही उजळणी तर सगळ्यांच्याच लक्षात आहे. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्याची लोखंडी पळी राहिली आहे. पळीत वितळलेलं कथील जरा वेळ तसंच राहिलं की त्यावर करडी साय धरायची. तो ती काडीने बाजूला सारायचा. क्षणभर आरशासारखं लखलखीत कथील दिसायचं आणि बघता बघता पुन्हा साय. कथील जळतंय, असं तो म्हणायचा.

दहा किलोचा ओंडका जळला तरी त्याची राख ओंजळीत मावते. त्यामुळे जळणं म्हणजे वस्तूतून काहीतरी निघून जाणं, हे माणसाला हजारो वर्षं पटलेलं होतं. कथलाचं गणित मात्र उलटं आहे. ती साय गोळा करून तराजूत घातली तर मूळ कथलाहून जड भरते. 100 ग्रॅम कथील पुरतं जाळलं तर साधारण 127 ग्रॅम भुकटी हाती येते. वरचे 27 ग्रॅम आले कुठून? ज्याँ रे नावाच्या फ्रेंच वैद्याने 1630 मध्ये लिहून ठेवलं होतं की हे वजन हवेतून येतं. त्याचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही. पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी या प्रश्नाची तड लागली, आणि ती लागता लागता मूलद्रव्य म्हणजे काय याची कल्पनाच बदलली.

अशा जळलेल्या धातूला आपल्या वैद्यांकडे शब्द आहे, भस्म. लोहभस्म, ताम्रभस्म, कथलाचं वंगभस्म. युरोपातले किमयागार त्याला कॅल्क्स म्हणत. मी इथे भस्मच म्हणेन, कारण आपल्याला तो शब्द घरचा आहे.

अठराव्या शतकातल्या युरोपात जळण्याचा जो सिद्धांत सर्वमान्य होता तो जर्मन वैद्य गेओर्ग श्टाल याचा. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचं एक तत्त्व असतं आणि वस्तू जळते तेव्हा ते बाहेर पडतं, असं तो सांगे. आज शाळेत हा सिद्धांत एका ओळीत चुकीचा म्हणून उडवून लावतात. ते मला अन्यायाचं वाटतं. कोळसा जवळजवळ राख न ठेवता जळतो, म्हणजे तो फ्लॉजिस्टनने गच्च भरलेला. लोखंडाचं खनिज कोळशाबरोबर भट्टीत घातलं की कोळशातलं फ्लॉजिस्टन खनिजात शिरतं आणि लोखंड तयार होतं. झाकलेल्या भांड्यात मेणबत्ती विझते, कारण आतली हवा फ्लॉजिस्टन पिऊन तृप्त झाली. लोहाराची भट्टी, घरातली मेणबत्ती आणि गंजणारा खिळा या तिन्ही गोष्टी श्टालने एका सूत्रात ओवल्या होत्या. आधी कोणालाच ते जमलं नव्हतं. अडचण एकच होती, ती वजनाची. काहीतरी निघून जाऊनही भस्म जड कसं? काहींनी फ्लॉजिस्टनला उणे वजन असावं असंही सुचवून पाहिलं. बहुतेकांनी तिकडे लक्षच दिलं नाही, कारण तेव्हा तराजू ही सराफाची आणि वाण्याची गोष्ट होती, तत्त्वज्ञाची नव्हे.

दुसरी अडचण शब्दांची होती. मराठीत आपण हवा आणि वायू असे दोन शब्द सहज वेगळे वापरतो. हवा म्हणजे आपल्याभोवतीचं मिश्रण, वायू म्हणजे पदार्थाची अवस्था. त्या काळच्या इंग्रज रसायनज्ञांना प्रत्येक वायू ही हवाच होती. एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकने 1750 च्या दशकात चुनखडीसारख्या पदार्थांतून निघणारा वायू ओळखला, तो ‘स्थिर हवा’. हेन्री कॅव्हेंडिशने 1766 मध्ये धातू आणि आम्लापासून मिळणाऱ्या वायूचं वर्णन केलं, तो ‘ज्वलनशील हवा’. मूळ हवा एकच, तिला गुण वेगवेगळे चिकटतात, असा समज त्या नावांतच मुरलेला होता. आपल्या पंचमहाभूतांत वायू एक, ग्रीकांच्या चार तत्त्वांतही हवा एक. एकाच तत्त्वाचे तुकडे कसे होणार?

ते तुकडे सर्वांत आधी करून दाखवले स्वीडनमधल्या एका औषधविक्याने. कार्ल विल्हेल्म शेले 1742 मध्ये श्ट्रालझुंड गावी जन्मला. चौदाव्या वर्षी तो गोटेबोर्गच्या एका औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि मग जन्मभर औषधाच्या दुकानांतच राहिला. माल्मो, स्टॉकहोम, उप्साला आणि शेवटी क्योपिंग नावाचं छोटं गाव. विद्यापीठाचं तोंड त्याने विद्यार्थी म्हणून पाहिलं नाही. दिवसा पुड्या बांधायच्या आणि उरलेल्या वेळात दुकानातल्याच बरण्या, भट्ट्या आणि प्राण्यांच्या मूत्राशयांचे फुगे वापरून प्रयोग करायचे, हा त्याचा दिनक्रम. वायू गोळा करायला तो चंबूच्या तोंडाला रिकामा फुगा बांधायचा, हे वाचल्यापासून मला शेलेबद्दल विलक्षण ओढ वाटत आली आहे. हाताशी जे आहे त्यातून काम उभं करणारा माणूस होता तो.

उप्सालाच्या दुकानात असताना, 1771-72 च्या सुमारास, त्याने सोरा तापवला, पाऱ्याचं भस्म तापवलं, मँगनीजचं काळं खनिज गंधकाम्लात तापवलं. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघतं तेच हे खनिज. प्रत्येक वेळी तोच वायू हाती आला. त्यात मेणबत्ती डोळे दिपवणाऱ्या उजेडाने जळायची. शेलेने त्याला नाव दिलं ‘अग्निहवा’. मग त्याने साध्या हवेकडे मोर्चा वळवला आणि दाखवून दिलं की ती दोन भागांची आहे. एक भाग ही अग्निहवा, दुसरा जळण्याला काडीची मदत न करणारी ‘बिघडलेली हवा’. हवेचं तत्त्व त्या दिवशी फुटलं. ही बातमी जगाला कळायला मात्र 1777 साल उजाडलं. त्याचं पुस्तक छापून तयार होतं, पण मित्र तोर्बेर्न बेरिमान याची प्रस्तावना वेळेवर आली नाही. शेलेच्या हातून पहिलेपणाचा मान निसटला तो असा.

मधल्या काळात, 1774 साली, शेलेने मँगनीजच्या त्याच खनिजावर मिठाचं आम्ल ओतलं. हिरवट पिवळा वायू निघाला, नाकात झोंबणारा, रंगीत फुलांचा रंग उडवणारा. हा क्लोरीन. पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली की येतो तो वास. बेरियम, मॉलिब्डेनम आणि टंगस्टन या मूलद्रव्यांचा मागही त्यानेच काढला, पण शुद्ध धातू वेगळे करून दाखवले ते इतरांनी. लिंबातलं सायट्रिक आम्ल, ताकातलं लॅक्टिक आम्ल, चिंचेत असतं ते टार्टरिक आम्ल, ग्लिसरीन, यादी फार लांब आहे. पदार्थ ओळखण्यासाठी वास आणि चवही टिपायची, अशी तेव्हाची रीत होती. आर्सेनिक आणि पारा घेऊन वर्षानुवर्षं बसलेल्या शेलेचं शरीर लवकर खचलं. 1786 च्या मे महिन्यात, मृत्यूच्या दोनच दिवस आधी, त्याने आपल्या दुकानाच्या आधीच्या मालकाच्या विधवेशी लग्न लावून घेतलं, म्हणजे दुकान आणि पुंजी तिच्याकडे राहील. तेव्हा तो 43 वर्षांचा होता.

इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक वेगळ्याच वाटेने तिथेच पोहोचला. लीड्सला त्याच्या घराशेजारी मद्याचा कारखाना होता. तिथल्या पिंपांवर साचणारा वायू पाण्यात विरघळवून त्याने सोडावॉटर केलं आणि मग त्याला वायूंचा नादच लागला. 1 ऑगस्ट 1774 रोजी, विल्टशरमधल्या बोवुड हाऊस या वाड्यात, 12 इंच व्यासाच्या भिंगाने त्याने उन्हाचा झोत पाऱ्याच्या लाल भस्मावर धरला. भस्मातून पारा सुटा झाला आणि एक वायू वर जमला. जवळच जळती मेणबत्ती होती म्हणून त्यात धरून पाहिली, तर ती भडकून पेटली. पुढच्या मार्चमध्ये त्याने काचेच्या भांड्यात हा वायू भरून उंदीर ठेवला. साध्या हवेत पाव तास तग धरला असता असा तो उंदीर अर्धा तास टिकला आणि बाहेर काढून शेकोटीजवळ धरल्यावर पुन्हा हालचाल करू लागला. मग प्रीस्टलीने तो वायू स्वतःच हुंगला. नंतर बराच वेळ छाती हलकी वाटत राहिली, असं त्याने नोंदवलं आहे. प्रीस्टलीच्या लिहिण्यातला मोकळेपणा मला फार आवडतो. काय केलं, काय चुकलं, काय योगायोगाने घडलं, सगळं तो सांगून टाकतो. पण या वायूला त्याने नाव दिलं ‘फ्लॉजिस्टनरहित हवा’. म्हणजे नवं द्रव्य हाती आलं आणि ते त्याने जुन्याच खणात ठेवलं.

1774 च्या ऑक्टोबरमध्ये प्रीस्टली आपल्या आश्रयदात्याबरोबर पॅरिसला गेला. एका मेजवानीत त्याने आपल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये पाऱ्याच्या भस्मातून निघणाऱ्या वायूची हकीकत सांगितली. यजमान होता आंत्वान लाव्हाझिए. त्याच सुमारास शेलेचं 30 सप्टेंबरचं पत्रही लाव्हाझिएच्या पत्त्यावर निघालं होतं. तुमच्या मोठ्या भिंगाने अमुक भस्म तापवून पाहा, असं त्यात सुचवलेलं होतं. शेलेला उत्तर गेल्याचा पुरावा नाही, आणि ते पत्र शंभरेक वर्षांनी लाव्हाझिएच्याच कागदपत्रांत सापडलं. दुसऱ्याच वर्षी लाव्हाझिएने या वायूवर निबंध वाचला तेव्हा त्याने ना प्रीस्टलीचं नाव घेतलं ना शेलेचं. हा डाग त्याच्या नावावर आहे आणि तो पुसायचं कारण नाही.

तरीही ऑक्सिजनचा शोध कोणाचा असं मला विचारलं तर मी लाव्हाझिएला वगळू शकत नाही. त्याचं कारण त्याच्या तराजूत आहे.

लाव्हाझिए वकिली शिकलेला, श्रीमंत, आणि फ्रान्सच्या राजासाठी कर गोळा करणाऱ्या मक्तेदार मंडळाचा भागीदार. जमा आणि खर्च जुळलेच पाहिजेत, जुळत नसतील तर कुठेतरी नोंद राहून गेली आहे, हा हिशेबनिसाचा हट्ट त्याने प्रयोगशाळेत आणला. त्याने कथील काचेच्या बंद चंबूत तापवलं. कथलावर साय धरली, पण चंबूचं एकूण वजन तसूभरही बदललं नाही. म्हणजे आगीतून आत काही शिरलं नव्हतं. मग चंबूचं तोंड फोडलं. सूं करून हवा आत शिरली आणि तेव्हा कुठे वजन वाढलं. आत शिरलेल्या हवेचं वजन आणि कथलाच्या भस्मात पडलेली भर एकच भरली. आमच्या कल्हईवाल्याच्या पळीतल्या सायीचं उत्तर त्या आवाजात होतं.

त्याचा सर्वांत देखणा प्रयोग पाऱ्याचा. लांब वाकड्या मानेच्या चंबूत त्याने 4 औंस, म्हणजे आपल्या मापाने साधारण 122 ग्रॅम पारा घेतला. चंबूची मान पाऱ्याच्या तबकातून वर काढून काचेच्या हंडीखाली नेली. सगळी मिळून आत 50 घनइंच हवा होती, जेमतेम एक लिटर. खाली शेगडी पेटवली आणि ती बारा दिवस विझू दिली नाही. पहिल्या दिवशी काही घडलं नाही. दुसऱ्या दिवशी पाऱ्याच्या पृष्ठभागावर लाल ठिपके दिसू लागले, चार-पाच दिवस ते वाढत गेले, मग थांबले. बाराव्या दिवशी भांडं थंड करून पाहिलं तर हवा 42-43 घनइंचांवर आली होती. उरलेल्या हवेत उंदीर गुदमरत होता, मेणबत्ती क्षणात विझत होती. लाल भस्म भरलं 45 ग्रेन. फ्रेंच ग्रेन फार बारीक, तेव्हा सराफाच्या भाषेत ही वीसेक गुंजा भुकटी.

आता उलटा प्रवास. ते 45 ग्रेन भस्म त्याने जास्त आचेवर तापवलं. साडेएकेचाळीस ग्रेन पारा परत मिळाला आणि 7-8 घनइंच वायू बाहेर पडला, मेणबत्ती भडकवणारा. जेवढी हवा हरवली होती जवळजवळ तेवढीच ही. शेवटी त्याने हा वायू त्या 42 घनइंच मेलेल्या हवेत मिसळला, आणि साधी, श्वासाला चालणारी हवा पुन्हा तयार झाली. हवा फोडली, तिचे भाग मोजले, आणि पुन्हा जोडून ताळा करून दाखवला. आजच्या अणुभारांनी हिशेब केला तर 45 ग्रेन भस्मातून सुमारे 41.7 ग्रेन पारा मिळायला हवा. कोळशाच्या शेगडीवर केलेल्या प्रयोगात एवढीशी चूक. फ्लॉजिस्टनला या जमाखर्चात जागाच उरली नाही.

या सगळ्यात एक माणूस सतत खोलीत हजर आहे, तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. मारी-आन पोल्झ हिचं 1771 मध्ये लाव्हाझिएशी लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. ती रसायनशास्त्र शिकली, इंग्रजी शिकली, झाक-लुई दाव्हिद या चित्रकाराकडे चित्रकला शिकली. फ्लॉजिस्टनची बाजू मांडणारं आयरिश रसायनज्ञ रिचर्ड कर्वन याचं पुस्तक तिने फ्रेंचमध्ये आणलं, म्हणजे तिच्या नवऱ्याला आणि त्याच्या मित्रांना त्याचा मुद्द्यागणिक समाचार घेता आला. 1789 मध्ये लाव्हाझिएचा रसायनशास्त्राचा ग्रंथ आला, त्यातल्या उपकरणांच्या तेराही चित्रपाट्या तिच्या हातच्या. श्वसनाच्या प्रयोगाचं एक चित्र तिने काढलं आहे. सहकारी सेगँ तोंडाला मुखवटा लावून बसला आहे, लाव्हाझिए सूचना देतोय, आणि कडेला छोट्या मेजाशी ती स्वतः बसून नोंदी लिहिते आहे. आपण तिथे होतो, हे तिने आपल्याच हाताने कागदावर ठेवलं हे फार चांगलं झालं.

1787 मध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी रसायनांची नवी नावं ठरवली. जुनी नावं गावाची, ग्रहांची, रंगांची होती. नवं नाव त्या पदार्थात काय काय आहे ते सांगणारं. आणि 1789 च्या ग्रंथात त्याने मूलद्रव्याची साधी कसोटी दिली. आपल्याला आज ठाऊक असलेल्या कोणत्याही उपायाने जे आणखी फोडता येत नाही, ते तूर्तास मूलद्रव्य. त्या ‘तूर्तास’मध्ये मला त्याचं मोठेपण दिसतं. यादीत 33 नावं होती. त्यात प्रकाश आणि उष्णता होती, चुना आणि मॅग्नेशियाही होते. हे धातूंची भस्मं निघतील असा संशय त्याने तिथेच लिहून ठेवला आणि हम्फ्री डेव्हीने 1808 मध्ये विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम काढून तो खरा केला.

एका जागी मात्र तो पुरता चुकला. हा वायू सगळ्या आम्लांना आम्लपण देतो, अशी त्याची खात्री होती, म्हणून त्याने ग्रीकमधून नाव घडवलं ऑक्सिजन, म्हणजे आम्ल निर्माण करणारा. मिठाच्या आम्लातही तो असणारच, असं तो धरून चालला. डेव्हीने 1810 मध्ये सांगितलं की शेलेचा तो हिरवट वायू स्वतःच मूलद्रव्य आहे आणि मिठाच्या आम्लात ऑक्सिजनचा कणही नाही. चूक उघडी पडली, नाव मात्र राहिलं. आपण त्याला प्राणवायू म्हणतो, तेव्हा आपल्या नावात प्रीस्टलीचा तो शेकोटीजवळ जागा झालेला उंदीर असतो. मला ते नाव जास्त खरं वाटतं.

फ्रेंच राज्यक्रांतीने प्रीस्टली आणि लाव्हाझिए या दोघांनाही गाठलं. क्रांतीची बाजू घेणाऱ्या प्रीस्टलीचं बर्मिंगहॅममधलं घर, पुस्तकं आणि उपकरणं जमावाने जुलै 1791 मध्ये जाळली. 1794 च्या वसंतात तो अमेरिकेला निघाला आणि 1804 मध्ये पेनसिल्व्हेनियात वारला, तोवर फ्लॉजिस्टनवरचा त्याचा विश्वास ढळला नव्हता. त्याच वसंतात, 8 मे 1794 रोजी, करमक्तेदार म्हणून लाव्हाझिएला गिलोटिनवर चढवलं गेलं. मारी-आनचे वडीलही त्याच दिवशी गेले. जप्त झालेली कागदपत्रं आणि उपकरणं तिने पुढे परत मिळवली आणि नवऱ्याचे अप्रकाशित निबंध छापून आणले.

राहिला कॅव्हेंडिश. लंडनचा हा अतिश्रीमंत आणि अतिलाजाळू माणूस घरातल्या नोकरांनाही चिठ्ठ्या लिहून कामं सांगायचा. 1785 मध्ये त्याने हवेतला नत्रवायू संपवायचं ठरवलं. वाकड्या काचनळीत हवा आणि जास्तीचा ऑक्सिजन भरून त्यात विजेच्या ठिणग्या उडवत राहायचं, तयार होणारं संयुग खालच्या अल्कलीत विरघळत जातं आणि नळीतली हवा आटत जाते. हाताने चाक फिरवून वीज निर्माण करायची, त्यामुळे काम फार चिवट. शेवटी उरलेला ऑक्सिजनही त्याने शोषून घेतला. नळीत एक चिमुकला बुडबुडा राहिला. काही केल्या तो जाईना. मूळ नत्रवायूच्या एकशेविसाव्या भागाहून तो जास्त नव्हता. दुसऱ्या कोणी तो प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिला असता. कॅव्हेंडिशने त्याचं माप काढलं आणि लिहून ठेवलं.

पुढे शंभराहून अधिक वर्षांनी लॉर्ड रॅली नत्रवायू तोलत बसला होता. हवेतून मिळवलेला नत्रवायू लिटरला 1.257 ग्रॅम भरत होता, रसायनांपासून बनवलेला 1.251 ग्रॅम. सहा मिलिग्रॅमचा फरक, पुन्हा पुन्हा तोलूनही न हटणारा. रॅलीने कॅव्हेंडिशची जुनी नोंद काढून वाचली आणि त्याचाच प्रयोग नव्याने केला. विल्यम रॅमसेने दुसऱ्या वाटेने, तापवलेल्या मॅग्नेशियमवरून नत्रवायू नेऊन तो शोषून घेतला. दोघांच्याही नळीत शेवटी थोडा वायू उरला. वर्णपटदर्शकातून पाहिलं तेव्हा त्यात अशा रेघा दिसल्या, ज्या ज्ञात असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याच्या नव्हत्या. 1894 मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं अरगॉन.